उन्हाने आखलेली सुट्टी : खानदेशातील सहली आणि बैठे खेळ

उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये तापीच्या खोऱ्यात वसलेल्या खानदेशाचा इतिहास लिहिताना कापूस, केळी, रेल्वे आणि स्वातंत्र्यलढा यांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. परंतु येथील कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत कोठे जात आली आणि काय खेळत आली, हा प्रश्नही त्या इतिहासाचाच भाग आहे. 1906 मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांना अनुक्रमे जळगाव आणि धुळे ही नावे रूढ झाली आणि 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. सीमा अशा बदलत असताना ऊन मात्र तेच राहिले. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि त्यामुळे येथील सुट्टीच्या दिवसाचे आपोआप दोन भाग पडतात : सकाळ आणि सायंकाळ देवदर्शनाला व भटकंतीला, तर भर दुपार दारे-खिडक्या लावून घेतलेल्या घरातील बैठ्या खेळांना. वाहने बदलली, पाहण्याची स्थळे वाढली, सोंगट्यांच्या जागी व्हिडिओ गेम आला, तरी ही विभागणी मोडली नाही. म्हणूनच खानदेशातील सहलीचा आणि खेळाचा इतिहास एकत्र वाचावा लागतो.

या सुट्टीचा जुना पाया आखाजी हा होय. वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात आखाजी म्हणतात आणि दिवाळीच्या तोडीचा सण म्हणून ती साजरी होते. रब्बीचे धान्य घरात आलेले असते, खरिपाची पेरणी अजून दूर असते, आणि सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतकऱ्याकडे राबणाऱ्या गड्याचे, सालही याच सुमारास संपून नवे सुरू होते. शेतीच्या वर्षातील हा खराखुरा विसावा असल्याने सासुरवाशिणी मुलाबाळांसह माहेरी येतात. पितरांसाठी घागर भरणे, गौराईची पूजा, कडुनिंबाच्या फांदीला बांधलेले झोके, खापरावरचे पुरणाचे मांडे आणि आमरस ही या सणाची अंगे आहेत, आणि असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनी ‘आखजी’ या कवितेत त्याला कायमचे स्थान दिले आहे. याच दिवसांत पुरुष पत्त्यांचे डाव मांडीत, आणि एरवी निषिद्ध मानला जाणारा पैशांचा खेळही गाव तेवढ्यापुरता खपवून घेई. घरात बायका-मुलांमध्ये सारीपाट, कवड्या, सागरगोटे आणि चिंचोके चालत. पुढे शाळा आल्या आणि त्यांची उन्हाळी सुट्टी नेमकी या माहेरपणाच्या काळात पडली. त्यामुळे मामाच्या गावी जाण्याची प्रथा सुट्टीने निर्माण केली नाही, ती आधीच तयार होती आणि सुट्टीने तिला फक्त मुदत वाढवून दिली.

या मुक्कामातील सहल बहुधा देवाच्या निमित्ताने होई. धुळ्यात पांझरेच्या काठी असलेली एकवीरा देवी अनेक कुळांची कुलदेवता असल्याने मुलाचे जाऊळ काढण्यासाठी सारे कुटुंब तेथे जाई; सातपुड्याच्या पायथ्याची मनुदेवी, एरंडोलजवळचे पद्मालयाचे गणपती मंदिर, अडावदजवळचे उनपदेवाचे गरम पाण्याचे झरे, तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव आणि तेथून जवळचे मुक्ताईचे स्थान ही या फिरतीची नेहमीची ठिकाणे होत. या स्थळांमध्ये दर्शन आणि ज्ञान किती जवळ नांदतात, याचे उत्तम उदाहरण चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचे आहे. चंडिकेच्या या देवळाला जाणारे कुटुंब धबधबा आणि जंगल पाहून परतते. पण याच पाटण परिसरात शके 1128 च्या सुमाराचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभीचा, एक शिलालेख मिळाला आहे. गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. संगमावरचे योगी चांगदेव आणि हे गणिती घराण्यातील चांगदेव या दोन भिन्न व्यक्ती आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

देवदर्शनाच्या पलीकडे जाऊन केवळ पाहण्यासाठी प्रवास करण्याची सवय रेल्वेने लावली. 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली आणि जळगाव हे अजिंठ्याला जाणाऱ्यांचे उतरण्याचे स्थानक झाले. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलेली ही लेणी निजामाच्या मुलखात होती आणि आजही ती जळगाव जिल्ह्याबाहेर आहेत; तरी जळगावपासून सुमारे 60 किलोमीटर अंतरामुळे खानदेशी कुटुंबांनी त्यांना आपल्याच अंगणातील मानले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली पाचोरा-जामनेर ही अडीच फूट रुंदीची अरुंदमापी गाडी, जिला लोक ‘पीजे’ म्हणत, शेंदुर्णी आणि पहूर ही गावे जोडीत 2020 पर्यंत धावली. तिच्या 56 किलोमीटरांच्या मार्गावर आजोळी जाणारी मुले आणि पहूरला उतरून अजिंठ्याकडे वळणारे प्रवासी एकाच डब्यात बसत. 1948 नंतर एस.टी.ने उरलेली गावे जोडली, आणि लहान मुलांच्या अर्ध्या तिकिटामुळे चार-सहा भावंडांची सहल शेतकरी कुटुंबाच्याही आवाक्यात आली. धुळ्याकडे फारुकी राजवटीच्या इतिहासाशी बांधलेले थाळनेर आणि लळिंगचे किल्ले, तसेच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर 1927 मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ ही पाहण्याची ठिकाणे ठरली, तर जळगावला 2012 मध्ये गांधीतीर्थाची भर पडली.

दुपारचा इतिहास मात्र दूरचित्रवाणीने बदलला. 1982 मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, पुढील काही वर्षांत सहक्षेपण केंद्रांचे जाळे लहान शहरांपर्यंत पसरले आणि बैठकीच्या खोलीत संच आला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1983 मध्ये फॅमिकॉम हे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले होते. भारतातील मध्यमवर्गीय घरांत प्रामुख्याने त्याच्या स्वस्त नकला पोहोचल्या, आणि 1990 च्या दशकात ‘टीव्ही गेम’ या नावाने त्या ओळखल्या जाऊ लागल्या. खेळ साठवलेल्या प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्याला सर्वजण कॅसेट म्हणत, जरी तिच्यात फीत नसून माहिती कायम कोरलेली चिप असे; तिची धातूची टोके धुळीने किंवा गंजाने खराब झाली की चित्र थरथरे, आणि मुले ती काढून, फुंकर मारून पुन्हा बसवीत.

या खेळांची रचना आजोळच्या दुपारीला नेमकी मानवणारी होती. 1985 च्या ‘बॅटल सिटी’ या रणगाड्यांच्या खेळात आणि ‘कॉन्ट्रा’मध्ये दोघांना एकाच वेळी, एकाच बाजूने लढता येई, त्याच वर्षीच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये एकाचा मारिओ मेला की डाव दुसऱ्याकडे जाई. पत्त्यांच्या डावाप्रमाणेच खेळणारे थोडे, पाहणारे पुष्कळ आणि पाळीवरून भांडणारे सगळेच असल्याने दहा-बारा मावस-मामे भावंडांची बैठक दोन जॉयस्टिकवर निभावत असे. भारनियमनाने वीज गेली की पडदा काळा होई, मिळवलेले टप्पे पुसले जात आणि मधल्या वेळेत पुन्हा पत्ते निघत. म्हणजे नव्या खेळाने जुन्याला हद्दपार केले नाही, दोघांनी दुपार वाटून घेतली. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते, त्यांच्यासाठी शहरांतून व्हिडिओ गेम पार्लर निघाले. तेथे नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांवर 1993 चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हा कॅपकॉमचा खेळ त्यातील एका पात्राच्या नावाने ‘मुस्तफा’ म्हणून गाजला.

आज या खेळांना ‘रेट्रो’, म्हणजे गतकाळातील शैलीचे, असे म्हटले जाते आणि एम्युलेटर या प्रणालीच्या साहाय्याने, जी जुन्या यंत्राचे वर्तन संगणकावर किंवा मोबाइलवर हुबेहूब उभे करते, ते पुन्हा खेळले जातात. परंतु सगळेच परत आणता येत नाही. 1984 च्या ‘डक हंट’ या बदकांच्या खेळातील बंदूक मुळात काहीच सोडत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतील प्रकाशसंवेदक तो टिपतो. ही जुळणी जुन्या, काचेच्या फुगीर नळीच्या संचाच्या वेगावर बेतलेली आहे, आणि नव्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटत असल्याने नेम धरूनही बदक पडत नाही. म्हणजे तो खेळ जपायचा तर कॅसेटबरोबर संचही जपावा लागतो.

1880 मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरने येथील देवस्थाने आणि जत्रा नोंदविल्या, म्हणून एकोणिसाव्या शतकातील खानदेशी माणूस कोठे जात होता, हे आज सांगता येते; विसाव्या शतकाच्या अखेरीस तो दुपारी काय खेळत होता, याची तशी नोंद कोणी करून ठेवलेली नाही. गावोगाव आणि घरोघर फिरून दप्तरे गोळा करण्याची राजवाड्यांची पद्धत धुळ्याला परकी नाही. आजोळच्या माळ्यावर पडलेले टीव्ही गेम, कॅसेटी, सोंगट्यांचे पट, पीजेची तिकिटे आणि सहलींची छायाचित्रे ही सामान्य कुटुंबाच्या विसाव्याची दप्तरेच आहेत, आणि ती भंगारात जाण्यापूर्वी, खेळलेली पिढी सांगण्यासाठी हयात असतानाच, त्याच निष्ठेने गोळा केली पाहिजेत.