विक्रमांक, बिल्हण आणि वंशाचा खेळ

संगणकावरचे खेळ हा वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असा विषय नव्हे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. 'क्रुसेडर किंग्ज' हा स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीचा खेळ त्याला अपवाद ठरावा, असे आम्हांस वाटते. त्याची दुसरी आवृत्ती २०१२ साली आली, २०१४ साली तिच्यात भारतखंडाची भर पडली आणि २०२० साली तिसरी आवृत्ती निघाली. येथे खेळणारा केवळ राज्य चालवत नाही, वंश चालवतो. राजा मेला की खेळ वारसाच्या रूपाने पुढे सरकतो. वंशात वारस उरला नाही की संपतो. त्यामुळे सोयरीक, भाऊबंदकी, कट आणि गादीवरचा हक्क हीच यातली खरी शस्त्रे.

खेळ सुरू करण्यासाठी दिलेल्या वर्षांपैकी एक आहे १०६६. त्या वर्षी कल्याणीच्या गादीवर चालुक्य राजा पहिला सोमेश्वर होता. १०६८ साली त्याने तुंगभद्रेत जलसमाधी घेतली आणि थोरला मुलगा, दुसरा सोमेश्वर, राजा झाला. धाकट्या विक्रमादित्याने चोळ राजाची कन्या वरून दक्षिणेत पाठबळ मिळवले, १०७६ साली भावाला पदच्युत केले, स्वतःच्या नावाचा शक सुरू केला आणि ११२६ पर्यंत राज्य केले. पुढे त्याच्यावर त्याचा धाकटा भाऊ जयसिंह उलटला. त्याचाही त्याने मोड केला.

या इतिहासाशी आमच्या मुलखाचे नाते सोयरिकीचे आहे. वाईच्या घाटांवरून वाहणारी कृष्णा पुढे कऱ्हाडला कोयनेला मिळते. त्या कऱ्हाडच्या शिलाहार घराण्यातील चंद्रलेखा ही विक्रमादित्याची राणी. काश्मीरहून कल्याणीच्या दरबारी आलेल्या बिल्हणाने 'विक्रमांकदेवचरित' या अठरा सर्गांच्या काव्यात तिचे स्वयंवर रंगवले आहे. मांडलिकाच्या घरी स्वयंवर मांडले जावे आणि कन्येची माळ नेमकी सार्वभौम राजाच्या गळ्यात पडावी, हा योग कवीला शृंगाराचा वाटतो. खेळ त्याला सरळ राजकीय सोयरीक म्हणेल.

भावाची गादी घेण्याचा प्रसंग याहून अवघड होता. बिल्हण सांगतो, की पित्याने यौवराज्य देऊ केले असता विक्रमाने थोरल्याचा मान राखून ते नाकारले. पुढे सोमेश्वर उन्मत्त झाला. आणि युद्धाची वेळ आली तेव्हाही शिवाची आज्ञा झाल्यावाचून विक्रमाने भावावर शस्त्र धरले नाही. राज्य बळकावणे येथे कर्तव्य होऊन बसते. गादी लढाईने मिळाली. ती न्यायाने मिळाली हे सांगायला मात्र कवी लागला. खेळातही २०२४ पासून राजाच्या आख्यायिका पसरवण्याची सोय आहे. पण तेथे आख्यायिकेने राजाच्या मान्यतेचा आकडा वाढतो. काव्यात तोच हिशेब वाचकाच्या मनात घडतो, आणि शब्दांच्या बळावर घडतो.

याच राजाच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. पित्याच्या वडिलोपार्जित धनावर पुत्राचा हक्क जन्मतःच असतो, हे तिचे प्रसिद्ध मत. दायभागाची ही चर्चा वाईच्या प्राज्ञपाठशाळेने सिद्ध केलेल्या धर्मकोशाच्या व्यवहारकांडात अन्य टीकांच्या शेजारी ठेवून वाचता येते. हा जन्मसिद्ध हक्क कायद्याने मुलींना सर्वत्र मिळाला तो २००५ साली. वारस कोण, हा प्रश्न राजवाड्यापुरता कधीच नव्हता. घराची वाटणी मात्र शास्त्राला सांगता येते. एका सिंहासनावर दोन भाऊ बसवणे त्यालाही जमत नाही; आणि शास्त्र थांबते तेथे काव्य पुढे येते.

बिल्हणाच्या काव्याचे हस्तलिखित ब्यूलर यांना जेसलमेरच्या जैन भांडारात मिळाले आणि १८७५ साली ते छापले गेले. सोमेश्वराची बाजू मांडणारे असे काव्य आपल्या हाती नाही. खेळात हरणाऱ्याच्या आसनावर बसून पट मांडता येतो, हा त्याचा मोठा गुण. त्या आसनावरून 'विक्रमांकदेवचरित' एकदा वाचून पाहावे. मग प्रत्येक अलंकार कोणाच्या कामी आला, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. विद्यार्थ्यांनी रसग्रहणाच्या जोडीने हा प्रश्नही वहीत लिहावा, एवढेच आमचे म्हणणे.