लशीचं कूळ

कोल्हापुरात ‘गर्भाशयमुख’ हा शब्द केसपेपरवरच राहतो. बायका म्हणतात, पिशवीचं तोंड. तिथेच गाठ निघालेल्या एका मावशींनी दवाखान्याच्या बाकावर मला विचारलं, ‘‘लेकीला टोचली ती लस मलाबी टोचत्यात का?’’

लस म्हणजे मुळात फोडातून झिरपणारं चिकट पाणी. जखमेतून लस येते, असं आपण आजही म्हणतो. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोदेवीची लस टोचली, ती अक्षरशः अशीच लस होती. बगदाद-बसऱ्याच्या वाटेनं, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर येत ती मुंबईला पोचली. ॲनाच्या फोडातलं पाणी मग पुढच्या मुलांना टोचलं. लोक याला ‘देवी काढणं’ म्हणू लागले, आणि लस ही रोगाआधीच घ्यायची, हे मनात पक्कं बसलं.

मावशी मागत होत्या ती, रोग शिरल्यावर टोचायची, लस दुसऱ्या घराण्यातली. तिचा मूळपुरुष पाश्चर. 6 जुलै 1885 रोजी त्यानं पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला टोचायला सुरुवात केली, तीही चावल्यावर दोन दिवसांनी. रेबीज मेंदूत पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात शरीर तयार करायचं.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर तर वेळ भरपूर देतो. एचपीव्ही विषाणू शिरल्यापासून गाठ होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षं जातात. मग लेकीचीच लस आईला का चालू नये? कारण पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक असो वा परदेशी, ती विषाणूचं कवच ओळखायला शिकवते, त्याला दारातच अडवते. गाठीच्या पेशींत ते कवच नसतं. तिथे ई6 आणि ई7 ही दोन प्रथिनं ठाण मांडून बसलेली असतात आणि पेशीच्या वाढीचा लगाम सोडून देतात. उपचाराच्या लशीला हीच दोन प्रथिनं शरीराच्या लढाऊ पेशींना दाखवून द्यावी लागतात.

या खटपटीतलं एक मोठं पान भारतातल्या बायकांचं आहे. लिस्टेरिया नावाचा जिवाणू दुबळा करून, त्याच्यात ई7 जोडून अमेरिकेत एक लस बनली. कॅन्सर उलटलेल्या इथल्या 109 बायकांनी ती सलाईनमधून घेतली. कुणाला थंडी वाजली, कुणाला ताप भरला. वर्षानंतर साधारण एक तृतीयांश जणी हयात होत्या. पण त्यांचे दोन गट केले होते आणि दोन्ही गटांना लस दिली होती, एका गटाला सोबत किमो. त्यामुळे लशीचं श्रेय किती, हे वेगळं काढता आलं नाही. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि पुढची मोठी चाचणी कंपनीनं 2019 मध्ये बंद केली. या बायकांची नावं कुठल्याही निबंधात नाहीत, याची मला फार टोचणी लागते.

‘‘तुमच्यासाठीची लस अजून यायची आहे मावशी,’’ मी म्हटलं. ‘‘तोवर शेक आणि किमो चुकवू नका.’’

त्यांनी शेकाच्या तारखा लिहून घेतल्या. त्याच कागदाच्या मागे लेकीच्या दुसऱ्या डोसची तारीखही लिहायला लावली.