सुई, शीर आणि शेजारचं फुप्फुस

आयसीयूतल्या पेशंटच्या मानेत किंवा कॉलरबोनखाली एक नळी दिसते ना, ती सेंट्रल लाइन. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत थेट औषध सोडण्यासाठी. आजचा एपिसोड तिच्या एका जुन्या धोक्यावर.

1929, जर्मनीतलं एबर्सवाल्डे. वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन एक्स-रे काढला! 1956 मध्ये त्याला नोबेल मिळालं. हातात सुई टोचताना फुप्फुस लांब असतं, त्यामुळे त्याला धक्का लागायची भीती नव्हती.

1952 मध्ये फ्रेंच सर्जन रोबेर ओबानियाक यांनी कॉलरबोनखालची शीर निवडली. ती मोठी असते आणि बीपी पडलं तरी सहसा मिटत नाही. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी युक्ती दिली: आधी सुई, सुईतून तार, मग सुई काढून तारेवरून नळी. मुळात ती धमन्यांसाठी होती, पण शिरांनाही लागू पडली.

गोची एकच. या शिरेच्या अगदी शेजारी फुप्फुसाचं टोक असतं. सुई जरा चुकली की फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा शिरते, फुप्फुस आकसतं. हाच न्यूमोथोरॅक्स. कधी लगेच धाप लागते, कधी काही तासांनी कळतं. हवा थोडी असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, जास्त असेल तर छातीत नळी घालून ती काढतात.

आणि हे सगळं चालायचं हाडांच्या खुणांवरून, अंदाजाने! मी कोड लिहिणारा माणूस. मला हे लॉग न बघता लाइव्ह सर्व्हरवर हात घालण्यासारखं वाटतं.

1978 मध्येच डॉप्लर अल्ट्रासाउंडने मानेतली शीर शोधल्याचा पेपर छापून आला होता. पण मानेतल्या लाइनसाठी अल्ट्रासाउंडवर शीर बघूनच सुई घाला, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेने सांगितलं 2002 मध्ये. म्हणजे 24 वर्षं! मशीन महाग होतं हे खरंच, पण ‘आमचा हात बसलाय’ हा विश्वासही आड आला. हात बसलेला असला तरी कातडीखालचं दिसत नाही. हे मान्य करायलाच वेळ लागला.

म्हणून घरच्या कुणाला अशी लाइन टाकली आणि नंतर एक्स-रे सांगितला, तर ‘उगाच बिल वाढवतात’ म्हणू नका. बहुतेक वेळा डॉक्टर नळी जागेवर आहे ना आणि फुप्फुस ठीक आहे ना, तेच बघत असतात. पेशंटला अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर लगेच नर्सला हाक मारा.