पारसचा कोळसा आणि जावईबापूंची मोटार

गेल्या दिवाळीत भाऊबिजेला धाकटी बहीण आणि तिचे यजमान नागपूरहून आले, ते विजेच्या मोटारीतून. वाटेत अमरावतीला तासभर थांबून मोटारीला वीज पाजावी लागली, त्यामुळे पंगत थोडी खोळंबली. अंगणात गाडी लावताच पाहुण्यांनी पाठीमागच्या डिकीतून एक जाड वायर काढली आणि खिडकीतून आत घेऊन, आकाशकंदिलाच्या वायरीशेजारी भिंतीतल्या प्लगला जोडली. आई ओसरीवर वाती वळीत बसली होती. तिने हा सगळा थाट पाहिला आणि विचारले,

"हिले खायले काय देता, जावईबापू?"

"लाइट, आई. रात्रभर लाइट पिते, सकाळी पोट भरते."

"अन् लाइट कुठून येते? आपल्या पारसातूनच ना? मंग कोयसाच खाते म्हना की!"

जावईबापू हसले. मी मात्र हसलो नाही, कारण त्या सुमारास मीही मोटार घेण्याच्या विचारात होतो आणि आईला तपासणीसाठी महिन्यातून दोनदा अकोल्याला नेण्याचा प्रश्न होताच. आमचे बाळापूर हे मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर, किल्ल्याच्या सावलीत वसलेले गाव. आणि पारसचे वीजकेंद्र आमच्याच तालुक्यातले. तेथे वीज तयार होऊ लागली ती १९६१ साली, ३० मेगावॉटच्या संचावर. तो जुना संच केव्हाच थंडावला. आज चालतात ते २५० मेगावॉटचे दोन संच या शतकातले आहेत. म्हणजे आईचा टोला नुसता विनोद नव्हता. या मोटारीला धुराडे नाही असे आपण म्हणतो, पण आमच्यापुरते ते पारसला आहे.

विजेची मोटार ही नवलाई आहे, असे मीही समजत होतो. दिवाळीच्या सुटीत थोडे वाचले तेव्हा कळले की ती पेट्रोलच्या मोटारीच्या बरोबरीचीच, किंबहुना एके काळी तिच्यापेक्षा पुढारलेली. अमेरिकेत १९०० साली ज्या चार हजारांवर मोटारी तयार झाल्या, त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या. ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तोही विजेच्या मोटारीनेच, १८९९ साली फ्रान्समध्ये. कामिल जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाच्या त्या गाडीचे नाव होते 'कधीही समाधान न पावणारी'. (हे नाव मी जेवताना मोठ्याने सांगितले. जावयाकडे कोणी पाहिले नाही, एवढे खरे.) त्याच सुमारास फर्डिनंड पोर्शे याने विजेच्या गाडीत पेट्रोलचे इंजिन बसवून त्यावर वीज करण्याची युक्ती काढली. म्हणजे हायब्रीड मोटारसुद्धा सव्वाशे वर्षांची म्हातारी!

'हायब्रीड' हा शब्द ऐकून आईचे कान टवकारले. वऱ्हाडात हायब्रीड म्हणजे ज्वारी. पीक भरघोस, पण भाकरीला चव नाही, ही तिची तक्रार अजून गेलेली नाही.

मग विजेची मोटार हरली कशी? फोर्डने १९०८ साली आपली मॉडेल टी काढली आणि तिची किंमत वर्षागणिक उतरवीत नेली. पेट्रोलची मोटार सुरू करायला दांडा फिरवावा लागे आणि तो उलटला तर मनगट मोडे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत त्या जागी विजेचा छोटा स्टार्टर आला. गंमत पाहा, विजेच्या मोटारीचा घात विजेनेच केला. आणि पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येई. विजेची तार तेव्हा खेड्यात होती कुठे?

जिथे तार सोबत होती, तिथे मात्र वीज हरली नाही. मुंबईत १८७४ पासून ट्राम घोडे ओढीत होते. ट्राम उभी असो वा धावो, घोड्याला दाणावैरण चुकत नाही. ज्याच्या गोठ्यात बैलजोडी आहे त्याला हे सांगायला नको. ७ मे १९०७ रोजी ती ट्राम विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत धावली. तिची वीज डोक्यावरच्या तारेतून येई, पाठीवर बॅटरीचे ओझे नव्हते. १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली तीही तशीच. आजच्या मुंबईच्या लोकलगाड्या तर ब्रेक लावताना मोटरचाच डायनॅमो करून घेतात आणि खर्चलेल्या विजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा तारेला परत देतात. सायकलच्या डायनॅमोने पेडल जड होते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला यातले मर्म लगेच कळेल. विजेची आणि हायब्रीड मोटार हेच करते, फक्त परत आलेली वीज आपल्याच बॅटरीत ठेवते.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धातली एक आठवण सांगत. पेट्रोल रेशनवर आले, तेव्हा मोटारींच्या पाठीला लोखंडी भट्टी बसवली गेली. तीत लाकडी कोळसा अर्धवट जाळायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचे. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचे. मागच्या बाकावरचा माणूस गावी पोहोचेपर्यंत काळाठिक्कर. तेव्हा आईचे म्हणणे मानले तर वऱ्हाडातली मोटार कोळशावर धावण्याची ही दुसरी वेळ. फरक एवढाच की या खेपेस भट्टी पाठीवर नाही.

भाऊबिजेच्या रात्री जावईबापू आणि मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. म्हणजे पाटी माझी, पेन्सिल त्यांची. त्यांची मोटार १०० किलोमीटरला बॅटरीतली साधारण १५ युनिट वीज खाते. भरताना थोडी वाया जाते, म्हणून प्लगमधून १७. तारांतून येताना आणखी गळते, तेव्हा पारसला २० युनिट करावी लागतात. युनिटला सुमारे ७०० ग्रॅम धरला, तर १४ किलो कोळसा. त्याच आकाराची पेट्रोलची मोटार तेवढ्या अंतराला ७ लिटर पेट्रोल पिते, हायब्रीड ५ लिटर. आता उष्णता मोजा. १४ किलो कोळशाची आणि ७ लिटर पेट्रोलची उष्णता जवळजवळ सारखीच भरली! हायब्रीड दोघींना मागे टाकून पुढे. जावईबापूंचा चेहरा उतरला.

पण हिशेब तेथे थांबवणे अन्यायाचे झाले असते. मोटारीच्या आतला विजेचा कारभार अत्यंत काटकसरीचा आहे. उधळपट्टी होते ती पारसच्या बॉयलरापाशी. तेथे तीन भाग उष्णतेतले दोन हवेत आणि पाण्यात जातात. पेट्रोलच्या इंजिनात तर चार भागांतले तीन जातात, पण ती उधळपट्टी आपण रोज सोबत घेऊन हिंडतो आणि कधी सुधारू शकत नाही. वीज मात्र कोयनेच्या पाण्याची असू शकते, वाऱ्याची असू शकते. देशातली विजेची तीन-चतुर्थांश निर्मिती अजून कोळशावर आहे, हे खरे. पण ते प्रमाण बदलले की अंगणातली तीच मोटार आपोआप सुधारते. हायब्रीड शेवटपर्यंत पेट्रोलच पिणार. शिवाय तिची खरी बचत थांबत-चालत जाणाऱ्या शहरात. आमच्या अकोला रस्त्यावर एका वेगाने जाताना ती कमी होते.

पैशाचे म्हणाल तर युनिटला १० रुपये धरून विजेचे १०० किलोमीटर १७० रुपयांत होतात, पेट्रोलचे सव्वासातशेच्या पुढे. परंतु २०२० साली रांजणगावच्या कारखान्यातून टाटांची विजेची नेक्सॉन बाहेर पडली, तेव्हा तिची किंमत १४ लाखांच्या घरात होती आणि पेट्रोलची नेक्सॉन ७ लाखांपासून मिळे. माझे शाळेचे जाणे-येणे ५० किलोमीटर, वर्षाचे ११ हजार. सात लाखांची ती तफावत भरून निघायला मला अकरा वर्षे लागली असती, आणि बॅटरीची हमी आठ वर्षांची. तफावत पुढे कमी झाली, हे सांगितले पाहिजे. सरकारनेही विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्केच ठेवला, आणि सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रीडवर ४० टक्के. उष्णतेच्या हिशेबात पहिली आलेली गाडी कराच्या हिशेबात शेवटची, हे मला तरी पटत नाही.

वऱ्हाडाला देवाने एक गोष्ट हात आखडता न घेता दिली आहे, ती म्हणजे ऊन. घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्यासाठी २०२४ पासून केंद्र सरकार ७८ हजारांपर्यंत साहाय्य देते. तीन किलोवॉटचे पॅनेल दिवसाला १२ युनिट सहज देतात. त्यात माझी शाळा होऊन वर बाजारही होतो. दिवसा ऊन असते तेव्हा मोटार शाळेच्या आवारात उभी, ही अडचण. पण दिवसाची वीज तारेत देऊन रात्री परत घेण्याची सोय आहे.

दिवाळी संपल्यावर अकोल्याहून एक माणूस गच्ची मोजायला बोलावला. त्याने टेप लावून खडूने चौकोन आखले. आई जिना चढून वर आली, चौकोन पाहिले, आणि त्या माणसालाच म्हणाली,

"सारी गच्ची तर तुनंच घेतली रे बाबू. आता माह्यं वाळवण मी कुठं घालू?"

माणूस माझ्याकडे पाहू लागला. त्याने एक चौकोन पुसला आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली.