वेताची खुर्ची आणि माणिकबागेचा राजा

आमच्या हर्सूलच्या शिवारात वेत उगवत नाही. त्याला सह्याद्रीतली किंवा आसामातली ओलसर जंगले लागतात. जगाच्या बाजारातला पुष्कळसा वेत तर इंडोनेशियातून येतो. आपल्याकडचा बुरूड सुपे-टोपल्या विणतो त्या बांबूच्या. पुष्कळ लोक बांबू आणि वेत एकच समजतात. पण बांबू हे गवत, आतून पोकळ, आणि वेत हा दुसऱ्या झाडांच्या आधाराने चढत जाणारा ताडाच्या कुळातला वेल, आतून भरीव. वाफ दिली की तो हवा तसा वाकतो आणि निवल्यावर तो बाक सोडत नाही. त्याच्या सालीच्या पट्ट्यांनी खुर्चीची जाळी विणतात. गाभ्याच्या काड्यांच्या परड्या होतात.

या गुणी वेलाकडे विसाव्या शतकातल्या नव्या कलावंतांचे लक्ष गेले नसते तरच नवल. इटलीतील फ्रांको अल्बिनी यांनी 1951 साली वेताची ‘मार्गेरिता’ खुर्ची घडवली. डेन्मार्कच्या नान्ना डिट्सेल यांची छताला टांगलेली अंड्याच्या आकाराची खुर्ची 1959 ची. आज शहरांतील गच्च्यांत जे वेताचे गोल झोपाळे दिसतात, त्यांची ही थोरली बहीणच म्हणायची. जपानचे इसामु केनमोची यांनी 1960 साली वेताची गोलाकार खुर्ची केली. असले सामान जमवण्याचा छंद आता देशोदेशी पसरला आहे.

या छंदाचा आपल्या मराठी माणसांशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो सांगण्यासाठी थोडी वाट वाकडी करून इंदूरला गेले पाहिजे. हर्सूलकरांना होळकर हे नाव परके नाही. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनीच केला. त्याच घराण्यातील यशवंतराव होळकर (1908–1961) ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाशी मैत्री जमली. त्यातून 1930 नंतरच्या तीन-चार वर्षांत इंदूरचा माणिकबाग राजवाडा उभा राहिला. नक्षीदार सिंहासनांचा आणि झुंबरांचा तो काळ. पण यशवंतराव आणि महाराणी संयोगितादेवी यांनी घरात आणले ते पोलाद, काच आणि सरळ रेषा. आयलीन ग्रे यांची आरामखुर्ची तेथे होती आणि ल कॉर्बुझिए यांच्या मंडळींची पहुडण्याची खुर्चीही होती. शयनगृहातील काच आणि धातूचे सामान लुई सोन्यो आणि शार्लोट आलिक्स या जोडीने घडवले होते. हेच सोन्यो पुढे वेताकडे वळले, आणि 1950 च्या सुमारास त्यांनी केलेल्या वेताच्या खुर्च्यांसाठी आज संग्राहकांची चढाओढ लागते.

यशवंतरावांचे खरे मोठेपण पैशात नव्हते. पैसा पुष्कळ संस्थानिकांपाशी होता. बाजाराने किंमत ठरवण्याआधी त्यांनी वस्तू ओळखली. मात्र 1980 साली माणिकबागेतील सामानाचा मोनाकोला लिलाव झाला आणि ते जगभर पांगले. राजवाड्यात सरकारी उत्पादन शुल्क खात्याची कचेरी आली. 2019 साली पॅरिसच्या संग्रहालयाने या राजाचे प्रदर्शन भरवले, तेव्हा जग ते वैभव पाहायला पॅरिसला गेले, इंदूरला नव्हे.

चंडीगढची कथा याहून बोलकी आहे. त्या नव्या शहराच्या कचेऱ्यांसाठी पिएर ज्यानरे आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या. मोडक्या झाल्यावर त्या भंगाराच्या भावाने गेल्या आणि परदेशात लाखो रुपयांना विकल्या गेल्या. 2011 साली केंद्रीय गृहखात्याला त्या जपण्याचा आदेश काढावा लागला. 1972 च्या पुरावस्तू कायद्याला साधारणपणे शंभर वर्षांचे वय लागते. या खुर्च्या तर साठीच्या आसपासच्या! आणि लिलावाच्या यादीत ज्यानरे यांचे नाव असते, जाळी विणणाऱ्याचे नसते.

म्हणून, वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांची खुर्ची खाली आली, तर ती लगेच भंगारवाल्याला देऊ नका. आधी उलटी करून पाहा. चौकटीला ओळीने बारीक भोके असून त्यांतून वेत ओवलेला असेल, तर ती हातची विणकर. खाचेत ठोकून बसवलेली जाळी तयार मिळते. हातच्या जाळीत नीट पाहिले तर अष्टकोनी घरे दिसतात. जाळी सैल पडली असेल तर खालच्या बाजूने कोमट पाण्याचे फडके फिरवून सावलीत वाळू द्यावी. ती पुन्हा ताणली जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वेत कोरडा होऊन तडकतो, म्हणून खुर्ची उन्हात ठेवू नये. लाकडाखाली बारीक पीठ सांडलेले दिसले तर भुंगा लागला आहे असे समजावे आणि तिला इतर सामानापासून दूर करावे. जाळी तुटलीच असेल तर विणणारा शोधावा. त्याला काम मिळाले तरच त्याची विद्या टिकेल, आणि विद्या टिकली तरच पुढच्या पिढीची खुर्ची दुरुस्त होईल.

माणिकबाग पांगली, कारण वस्तू राहिल्या पण त्यांवर बसणारे घर राहिले नाही. आपल्या घरात बसणारे आहेत. रोज कोणी टेकले, मोडले तर विणून घेतले, इतकेच जतन सामान्य घराला पुरे आहे. तेवढे झाले, तर त्या खुर्चीला मोनाकोची वाट धरावी लागणार नाही.