‘म्हातारीच्या बुटा’त शिरताना

मुंबई पाहून परतलेल्या मुलाला तेथे काय पाहिले असे विचारले, तर गेटवे ऑफ इंडिया आणि राणीच्या बागेपाठोपाठ ‘म्हातारीचा बूट’ हे नाव हमखास निघते. मलबार टेकडीवरील कमला नेहरू उद्यानातील ही वास्तू तशी साधीच आहे. एक अवाढव्य बूट, त्याला खिडक्या, आत जिना आणि वर उभे राहून खाली पाहण्याची सोय. परंतु बालसाहित्यातील पात्राच्या घरात मुलांनी प्रत्यक्ष शिरावे, ही आज जगभर मोठा व्यवसाय झालेली कल्पना मुंबई महापालिकेच्या या बागेत काही दशकांपूर्वीच साकार झाली होती.

उद्यान १९५२ सालचे. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या पत्नी कमला नेहरू यांचे नाव त्यास देण्यात आले. समोरच फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजेच हँगिंग गार्डन. शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या माथ्यावर ते वसले आहे आणि झुडपे कापून केलेल्या प्राण्यांच्या आकृतींसाठी प्रसिद्ध आहे.

बुटातील म्हातारी मात्र मलबार टेकडीची नव्हे, ती इंग्रजी बडबडगीतातून आलेली. जोसेफ रिट्सन यांच्या ‘गॅमर गर्टन्स गार्लंड’ या संग्रहात १७९४ साली हे गीत छापलेले आढळते. मूळ गीत फारसे गोड नाही. बुटात राहणारी ही म्हातारी मुलांच्या लेंढारापुढे हतबल होते, त्यांना पावाशिवाय नुसते कढण पाजते आणि फटके देऊन झोपवते. बागेत येणाऱ्या बहुतेक मराठी मुलांच्या कानावरून हे गीत गेलेले नसते. त्यांच्या मनातली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी, वाघाला चकवणारी असते. इंग्रजी म्हातारीच्या घरात मराठी म्हातारी राहावयास आली, असे म्हटले तरी चालेल. या भाडेकरूबद्दल कोणाची तक्रार असल्याचे ऐकिवात नाही!

परदेशात या प्रकाराने आता निराळे रूप धारण केले आहे. फिनलंडमधील नांताली येथे तोव्हे यान्सन यांच्या मूमिन या पात्रांचे उद्यान १९९३ पासून आहे. लंडनच्या काउंटी हॉलमध्ये मे २०२४ मध्ये पॅडिंग्टन अस्वलाचे दालन सुरू झाले. मायकेल बाँड यांनी १९५८ साली पुस्तकात आणलेले हे अस्वल भारतीय घरांतही परिचित आहे. तेथे प्रेक्षकांनी गटागटाने पॅडिंग्टन स्थानकात जायचे, लुटुपुटीच्या गाडीत बसायचे आणि ब्राउन कुटुंबाच्या घरी पोहोचायचे. वाटेत नट भेटतात, कामे सोपवतात आणि गोष्ट पुढे सरकते. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये २०१३ पासून ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावर आधारित सफर आहे. ती हलणाऱ्या आसनांवर बसून पडद्याकडे पाहत करावयाची असते.

बुटात यातले काहीच नाही. म्हातारीचे काम करणारी नटी नाही, गोष्ट सांगणारा आवाज नाही, आणि तिकीटही नाही. मूल आत जाते, जिना चढते, वरून आईला हाक मारते आणि पुन्हा जिन्याकडे धावते. गोष्ट रचण्याचे काम त्याच्यावरच सोपवलेले असते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते बुटाची खरी श्रीमंती हीच होय. सुटीच्या दिवशी मात्र ही श्रीमंती दोन-तीन मिनिटांपुरतीच वाट्याला येते, कारण मागची मुले ताटकळत असतात आणि पालकांना छायाचित्राची घाई असते. सकाळी लवकर किंवा आठवड्याच्या मधल्या वारी गेल्यास मुलाला बूट मनसोक्त मिळण्याची शक्यता अधिक.

राहून राहून वाटते ते मराठी पात्रांबद्दल. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर दूरदर्शन मालिका आली, २०१७ मध्ये चित्रपट आला. फुरसुंगीचा हा बनेश पुण्याच्या ज्या विद्याभवनात शिकला, त्याच्या वसतिगृहाच्या खिडकीतून मुलांना उडी मारता आली, तर कोणते मूल नाही म्हणेल? त्यासाठी लंडनइतका खर्चही लागू नये. एक खिडकी, खाली वाळू आणि टेकवून ठेवलेली सायकल एवढे पुरे.

केवळ बुटासाठी मुंबई गाठावी, असे कोणी सुचवणार नाही. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील बीबीसारख्या गावातून मुलांना घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला हा प्रवास आता पूर्वीइतका दूरचा राहिलेला नाही. सिंदखेडराजा किंवा मेहकर येथून समृद्धी महामार्गावर चढता येते, आणि इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी जालना स्थानक आहे. मुंबईत चर्नी रोड वा ग्रँट रोड स्थानकावरून टॅक्सीने टेकडीवर जावे. पर्यटनाला दोनच दिवस असतील, तर इमॅजिकाला त्यातला एक पुरता द्यावा लागतो. बूट आणि दोन्ही उद्याने मिळून अर्धा दिवस पुष्कळ झाला.

उद्यानाच्या मागील बाजूस सिरी रोडवर मार्च २०२५ मध्ये झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा ४८५ मीटर लांबीचा उन्नत निसर्गमार्ग सुरू झाला आहे. त्यासाठी वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी. दुपारी तेथे फिरून संध्याकाळी उद्यानात आल्यास गिरगाव चौपाटीपासून मरीन ड्राइव्हच्या वळणावर एकेक दिवा लागताना दिसतो.