मामांची फियाट आणि मी विकलेलं इंजिन

परवा एक जुना विद्यार्थी भेटला. विद्यार्थी म्हणजे आता तोही पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ! फाटकाशी थांबला आणि शेडकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, ही अजून चालते?"

मी म्हटलं, "चालते म्हणजे? उद्या हिच्यातूनच इंदापूरला निघालोय."

"मग व्हिंटेजमध्ये नोंद करून टाका की. वेगळी नंबरप्लेट मिळते म्हणे."

मी नुसता हसलो. खरं उत्तर फाटकात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. ते आज इथे लिहितो आहे. आमच्या नातेवाइकांपैकी काहींना ही गोष्ट अर्धी ठाऊक आहे, उरलेली अर्धी मी आजवर टाळत आलो.

गाडी म्हणजे १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. थोरल्या मामांची. मामा इंदापुरात डॉक्टरकी करायचे. नंबर लावल्यावर पाचेक वर्षांनी गाडी हातात आली, त्या दिवशी मामींनी तिला ओवाळलं आणि गल्लीत पेढे वाटले. मी तेव्हा कॉलेजात होतो.

पण या गाडीची गोष्ट मामांपासून सुरू होत नाही. ती त्याच तालुक्यात, पण तीसेक वर्षं आधी सुरू होते. बारामतीहून इंदापूरला निघालं की भवानीनगर, सणसर, लासुर्णे मागे टाकून जंक्शन लागतं. तिथून आत वळलं की वालचंदनगर. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंब गावच्या माळरानावर साखर कारखाना उभा केला, त्याभोवती हे गाव वसलं. आपल्याकडे वालचंद म्हटलं की लोकांना ऊस आणि साखर आठवते. फार तर इस्रोच्या रॉकेटचे भाग तिथे बनतात एवढं माहीत असतं. पण या सोलापुरात जन्मलेल्या माणसाला तीन गोष्टी हिंदुस्थानात बनवायच्या होत्या : जहाज, विमान आणि मोटार.

विमानाचा कारखाना १९४० साली बंगळूरला निघाला. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी १९४१ साली झाली. मोटारीने मात्र फार वाट पाहायला लावली. मोटारीचा कारखाना मुंबईत व्हावा ही कल्पना सर विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकापासून मांडत होते. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ अनुकूल होतं, पण १९३९ साली ते राजीनामा देऊन बाहेर पडलं. महायुद्ध सुरू झालं आणि दिल्लीच्या इंग्रज सरकारला हिंदी मोटारीत काडीचाही रस नव्हता. तरी वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी संधान बांधलं, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला हे काम परदेशी सुटे भाग जोडण्याचंच होतं. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५१ साली छोटी फियाट ५०० आली आणि १९५४ साली फियाट ११००, जिला आपल्या लोकांनी लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटलं. वालचंद ही गाडी पाहायला नव्हते. ते १९५३ च्या एप्रिलमध्येच गेले.

त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवलं, की नुसते भाग जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, गाडी इथेच बनवली पाहिजे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. उरल्या तीन कंपन्या. अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड यांतून काय ते निवडा आणि रांगेत उभे राहा! १९६४ च्या अखेरीस डिलाइट आली. १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने निघू लागली. इटलीत हे मॉडेल १९६० च्या दशकातच मागे पडलं होतं. आपण ते २००० च्या सुमारापर्यंत बनवत राहिलो.

वर्गात हा भाग शिकवताना मी "स्पर्धा नसली की प्रगती खुंटते" असं सांगत असे. ते चूक नाहीच. पण शेडमध्ये हात काळे करायला लागल्यावर त्याची दुसरी बाजू कळली. पस्तीस वर्षं गाडी फारशी बदललीच नाही, म्हणून १९९५ च्या पद्मिनीचे कितीतरी भाग १९६८ च्या डिलाइटला बसतात. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस जपायला राजेरजवाड्यांचाच पैसा लागतो. आमची फियाट एका मास्तराच्या पेन्शनीत जगली, कारण ज्या ठप्प काळाला आम्ही नावं ठेवत होतो, त्यानेच तिचे सुटे भाग गावोगाव पेरून ठेवले होते.

मामांनी ती अठरा वर्षं वापरली. रात्री-अपरात्री वाड्यावस्त्यांवर अडलेल्या बाळंतिणींसाठी ती गेली. परत येताना मागच्या सीटवर कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी गुळाची ढेप, कधी बाळंतीणच. १९८६ साली मामा म्हणाले, "तुला इतिहासाची आवड आहे ना, घेऊन जा ही." गाडी बारामतीला आली.

आता टाळलेली अर्धी गोष्ट.

घरात दोन मुलं, एकाचा पगार, आणि पेट्रोलपेक्षा डिझेल बरंच स्वस्त. तेव्हा फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवून घ्यायची टूमच निघाली होती. १९८९ च्या मे महिन्यात मीही तेच केलं. मूळ इंजिन काढलं. डिझेलचं धूड मावेना म्हणून पुढचा पत्रा कापला, इंजिनाचे माउंट बदलले. काढलेलं इंजिन चार दिवस ओसरीत पडून होतं. सौ. म्हणाल्या, "मामांना एकदा विचारा तरी." मी विचारलं नाही. भंगारवाला आला, किलोवर तोलून घेऊन गेला. आलेल्या पैशांतून मुलांचे गणवेश झाले.

गंमत पाहा. त्याच जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात इतिहासाचार्य राजवाड्यांबद्दल तळमळीने सांगत होतो. लोक जुनी दप्तरं रद्दीत घालत होते आणि राजवाडे गावोगाव हिंडून ती गोळा करत होते, अस्सल साधन एकदा गेलं की परत येत नाही, वगैरे वगैरे. माझ्या ओसरीत तेलाचा काळा डाग तेव्हा अजून ओला होता. मला काहीच जाणवलं नाही! मामा दिवाळीला आले, त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, परत लावलं आणि म्हणाले, "आवाज वाढलाय." त्यावर ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.

डिझेल इंजिन २००९ मध्ये बसलं. मी नुकताच निवृत्त झालो होतो. आमच्या मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. "सर, आता हे काढा. पुन्हा पेट्रोलच घालू. कुर्ल्याला मिळेल." मुंबईच्या जुन्या टॅक्स्या तेव्हा भराभर मोडीत निघत होत्या. आम्ही दोघं कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात गेलो आणि एका पद्मिनीचं इंजिन घेऊन आलो. तेच १०८९ सीसीचं. ज्या कुर्ल्यात मामांची गाडी जन्मली, तिथूनच तिला दुसरं काळीज मिळालं. कापलेला पत्रा जोडायला मिस्त्रींना तीन आठवडे लागले. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीवरच सगळा भार, म्हणून तो जोड चुकून चालत नाही. आजही बॉनेट उघडलं की ती शिवण दिसते. लांबी भरून लपवता आली असती. मीच नको म्हटलं.

तेव्हापासून गाडी सांभाळणं हाच माझा छंद. पॉइंट घासायला मिस्त्रींनी शिकवलं. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायची. किंग पिनला वेळच्या वेळी ग्रीस, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी अजिबात नाही, आणि काम असो-नसो आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढायची, कारण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. अलीकडे एक नवीनच दुखणं आलंय. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्याने पेट्रोल पंपाचं डायाफ्राम आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात. बरंचसं इथेनॉल उसाचं, म्हणजे आमच्याच भागातलं! वालचंदांच्या मोटारीला वालचंदांच्याच तालुक्यातल्या उसाने त्रास द्यावा, याला काय म्हणावं? नळ्या बदलल्या आणि पुढे निघालो.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली गाडी मूळ रूपात असेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये. मात्र चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची.

"सर, कोण बघतंय? इंजिन तर त्याच जातीचं आहे," असं मला दोघांतिघांनी सुचवलं. पण इंजिनावरचा नंबर पुस्तकातल्या मूळ नंबराशी जुळत नाही, पत्रा कापलेला आहे, आणि तो कापायला मीच सांगितलं होतं. आयुष्यभर मुलांना अस्सल आणि नक्कल यांतला फरक शिकवला. आता म्हातारपणी नकलेवर अस्सलचा शिक्का मारून घेऊ? शिवाय मामांची गाडी इंदापूरला जाऊ शकत नसेल, तर ती मामांची कसली?

म्हणून मी अर्ज केला नाही. दर पाच वर्षांनी साधी पुनर्नोंदणी करतो, जास्तीचा कर भरतो. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बाद झाली, तेव्हापासून भाग मिळणं अवघड होत चाललंय. आमच्या मिस्त्रींना आता नीट दिसत नाही. त्यांचा मुलगा गाडीला कॉम्प्युटर जोडून दोष शोधतो. हुशार आहे, पण कार्ब्युरेटर उघडायचा तर वडिलांना खुर्चीसकट बाहेर आणतो. ते कानाने ऐकतात, तो हाताने करतो.

मी एक वही केली आहे. कुठला भाग मूळचा, कुठला कधी बदलला, कुणी बदलला, का बदलला, मिस्त्री काय म्हणाले, सगळं तारीखवार. ती गाडीच्या कप्प्यात असते. माझ्यामागे ही गाडी ज्याच्याकडे जाईल, त्याने आधी ती वाचावी. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय, "मूळ इंजिन मे १९८९ मध्ये मी भंगारात विकले. मामांना विचारले नव्हते."

असो. उद्या सकाळी लवकर निघायचंय. नव्वदीच्या मामी वाट बघतायत. गाडीचा हॉर्न त्यांना अजून लांबून ओळखू येतो.